आप्पा, हजेरीची ती वही अजून माळ्यावर आहे का?

एडिसन, न्यू जर्सी
९ नोव्हेंबर

ती. आप्पांस,
सुमीचा शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "चौदा-चौदा वर्षं शिकवलेल्या बायांना तू काय शिकवणार गं?" तेवढ्यात तुमच्या नातवाने फोन ओढला आणि विषय तिथेच राहिला. म्हणून पत्र. शिवाय पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही!

खरं सांगू? पहिल्या संध्याकाळी मलाही हाच प्रश्न पडला होता. वर्गात बावीस बाया, दोन पुरुष, सगळे नोकरीतले शिक्षक. शाळा सुटली की घरचं उरकून पाचला आमच्याकडे. कोणी गाडीतच काहीतरी खाऊन आलेली, कोणाच्या पिशवीत तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. शिकवायचा परवाना त्यांच्याकडे आहेच. त्याला विशेष शिक्षणाची, म्हणजे अपंगत्व असलेल्या किंवा शिकताना अडखळणाऱ्या मुलांना शिकवण्याची, जोड द्यायची तर या राज्यात २१ क्रेडिटचा अभ्यासक्रम करावा लागतो, म्हणजे साधारण सात विषय. एका सत्रात एक-दोन विषय घेत घेत त्या पार पडतात.

आणि अशी मुलं कोणाला टाळता येत नाहीत. १९७५ साली इथे कायदा झाला, की अपंगत्व असलेल्या मुलालाही सरकारी शाळेने मोफत आणि त्याला झेपेल असं शिक्षण दिलंच पाहिजे. त्याआधी कित्येक मुलांना शाळा दारातूनच परत पाठवायच्या. आज सरकारी शाळांतल्या शंभर मुलांमागे साधारण पंधरा या कायद्याखाली येतात. प्रत्येकाचा वेगळा लेखी आराखडा असतो, त्याला इथे आयईपी म्हणतात. दरवर्षी आईबापांना सोबत घेऊन तो नव्याने तपासायचा. यातली बहुतेक मुलं दिवसाचा मोठा भाग साध्याच वर्गात बसतात. म्हणजे वेगळ्या खोलीतली वेगळी बाई बघून घेईल, असं म्हणायची सोय कोणालाच नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तिसरीला शिकवणारी एक बाई आहे, चौदा वर्षांचा अनुभव. तिने सरावासाठी एका मुलाच्या आराखड्यातलं ध्येय लिहून आणलं : 'वाचनात प्रगती करेल.' मी म्हटलं, "जूनमध्ये त्याची आई विचारेल, झाली का प्रगती? तेव्हा काय दाखवाल?" बाई चिडली. म्हणाली, मी त्याला रोज बघते, मला कळतं. मी म्हटलं, मग जे बघता तेच लिहून आणा. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं, तीन रकाने. मत नको.

पुढच्या आठवड्यात कागद आला. पोरगा सारखी पेन्सिल पाडतो आणि बाकाखाली शोधत बसतो. ती याला चाळा समजत होती. रकाने भरल्यावर दिसलं, की अकरापैकी नऊ वेळा पेन्सिल पडली ती मोठ्याने वाचायची त्याची पाळी यायच्या जरा आधी. तो खाली वाकला की पाळी पुढच्याकडे जाते. तीच बाई मग हळूच म्हणाली, "आणि पाळी पुढे ढकलणारी मीच." त्या संध्याकाळी वर्ग नऊपर्यंत चालला, कोणी उठेना. मग ध्येयही बदललं : दुसरीच्या पातळीचा, आधी न पाहिलेला उतारा, एका मिनिटात साठ शब्द बरोबर. शिवाय वर्गात वाचायचा उतारा त्याला आदल्या दिवशीच घरी द्यायचा, असं तिचं तिनेच ठरवलं.

हे असं शिकवते, आप्पा. शिकवणं त्यांना येतंच.

बाकी कागदपत्रांचा डोंगर आहे, त्याबद्दल न बोललेलं बरं. निम्मे फॉर्म मुलासाठी असतात, निम्मे वकिलाच्या भीतीने. एक गंमत मात्र सांगते. ज्यांना अक्षर आणि आवाजाची जोडी लागत नाही, त्यांना अक्षर बोटाने गिरवत मोठ्याने म्हणायला लावायची एक पद्धत इथे १९३० च्या दशकापासून आहे. त्यासाठी वाळूचं तबक मिळतं, चांगलं महाग. आजी सांगायची ती धुळाक्षरंच की ही! वर्गात सांगितलं, तर दोघींनी पाटीला धूळ कशी लावायची तेही विचारून घेतलं.

वहिनीला सांगा, चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन विशेष शिक्षक होता येईल का, हा तिचा मेसेज वाचला. २०२१ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं आहे : प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरामागे एक. पण आपल्याकडे विशेष शिक्षक व्हायचं तर केंद्र सरकारच्या पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पदविका किंवा बी.एड. हवं आणि परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. चार दिवसांच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर ते होत नाही. कोणी तसं सांगून फी मागितली तर देऊ नकोस म्हणावं. जिल्हा परिषदेची नोकरी सांभाळून कसं जमवायचं, ते दिवाळीच्या सुट्टीत निवांत बोलू.

आणि एक काम. तुम्ही प्रगतिपुस्तकावर सगळ्यांना 'अभ्यासात लक्ष नाही' लिहायचात, मलासुद्धा. पण हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने काहीबाही टिपून ठेवायचात. मी चोरून वाचायचे. एक अजून आठवतंय : 'दामू. मराठीच्या तासाला पोट दुखते. गणिताला नाही. सोमवारपासून चौथ्यांदा.' शेवटच्या बाकावरून उचलून तुम्ही त्याला खिडकीपाशी, स्वतःच्या खुर्चीजवळ बसवलं होतंत. तुमच्याकडे कुठलं प्रमाणपत्र होतं तेव्हा?

ती वही माळ्यावर असेल तर त्या पानांचे फोटो दादाला काढायला सांगा. शिडीवर तुम्ही चढू नका. मुलांची नावं झाकून वर्गात दाखवीन म्हणते. मोडी वळणाचं तुमचं अक्षर मीच वाचून दाखवीन.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावते का ते कळवा.

तुमची,
सुमी