सदा, मुक्ताला एक फोन कर

पुणे,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सदानंद यास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे गणपतीतले पत्र वेळेवर मिळाले होते. उत्तराला उशीर झाला त्याबद्दल जे काय बोलायचे असेल ते भेटीत बोल. आमची प्रकृती बरी आहे. माझा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे आणि हिचे गुडघे होते तसेच आहेत. आता मुद्द्यावर येतो, कारण हा मुद्दा तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहून उपयोग नाही, आणि त्यातला थोडा दोष तुझ्याच खात्यावर जमा आहे.

मुक्ताला पाचवा महिना लागला, हे हिने वहिनींना फोनवर सांगितलेच असेल. तिसऱ्या महिन्यात रक्त तपासले तेव्हा थायरॉइडचा तो टीएसएच वाढलेला निघाला, म्हणजे ग्रंथी मंद चालली होती. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली आणि खाण्यापिण्याची चौकशी करता करता घरात मीठ कोणते वापरता, असे विचारले. आमच्या कन्येने मोठ्या अभिमानाने सांगितले, की लग्नानंतर तिच्या स्वयंपाकघरात सैंधवाखेरीज दुसरे मीठ आलेलेच नाही. बाईंनी ते त्या दिवसापासून बंद करून आयोडीनयुक्त मीठ वापरायला सांगितले. मुक्ताने तिथे मान डोलावली, घरी आली आणि सैंधवाची तीच गुलाबी बरणी पुन्हा ओट्यावर मांडली. गोळी मात्र इमानाने घेते, म्हणजे डॉक्टरांवर तिचा निम्मा विश्वास आहे असे म्हणायला हरकत नाही.

टीएसएच वाढण्याला कारणे बरीच असतात, आणि मुक्ताच्या बाबतीत सगळा गुन्हा मिठाचाच, असे डॉक्टरीणबाईही म्हणत नाहीत. पण मला धास्ती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पहिले काही महिने कामाला लागलेली नसते, तोवर त्याच्या मेंदूची सगळी भिस्त आईच्या संप्रेरकावर असते, आणि पुढे त्याची ग्रंथी कामाला लागली तरी तिला लागणारे आयोडीन आईकडूनच यावे लागते. एरवी मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गरोदर बाईला २५० लागते. एवढी चिमूटभरसुद्धा नसलेली वस्तू कमी पडली तर मुलाच्या बुद्धीवर जन्मभराचा परिणाम होऊ शकतो. टाळता येण्याजोग्या मेंदूच्या हानीचे जगातले सर्वांत मोठे कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटना या कमतरतेचेच नाव घेते. हे सगळे मी मुक्ताला सांगितले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही घाबरवता फार."

एरवी मी एवढा घाबरलोही नसतो, कारण आयोडीन काही मिठातूनच येते असे नाही. मासळीतून येते, दुधादह्यातून येते, अंड्यातून येते. पण दिवस गेल्यापासून तिला मासळीचा वास सहन होत नाही. तुझ्या घरी बांगड्याच्या तिखल्यावर ताव मारणारी ती मुलगी आता शेजारच्यांच्या तव्याचा वास आला तरी खिडकी लावून घेते. दुधाने मळमळते म्हणून दूध सोडले आणि सोयाबीनचे दूध धरले. अंडे तर तिने त्या योगवर्गात जायला लागल्यापासूनच सोडले होते. त्यात बाहेरचे खाणे बंद. म्हणजे आयोडीन घरात शिरायचे जेवढे दरवाजे होते तेवढे एकेक करून लागले, आणि जो एक उघडता येण्यासारखा आहे त्याच्यापुढे ती गुलाबी बरणी बसली आहे.

आता तुझ्या खात्यावरची रक्कम. मी तिच्याशी वाद घालायला बसलो तेव्हा तिने योगवर्गातल्या बाईंचे नाव घेतले, मोबाइलवरचे दोन व्हिडिओ दाखवले, आणि ते मी बाजूला सारल्यावर शेवटचा हुकमी पत्ता टाकला: "सदाकाकाच म्हणायचा, पाकिटातलं मीठ म्हणजे कारखान्यातली भुकटी." मग मला शिरोड्यातल्या त्या मे महिन्याच्या सुट्ट्या आठवल्या. तू तिला खांद्यावर बसवून तुझ्या मिठागराच्या बांधावरून फिरवायचास, खाडीचे पाणी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकत कसे दाट होते ते दाखवायचास, आणि पावसाआधी झावळ्यांनी शाकारलेल्या राशीतून एक खडा काढून तिच्या जिभेवर ठेवायचास. तिच्या लेखी मिठाच्या बाबतीत तुझ्यावर जगात कोणी नाही. मी तर साधा बाप आहे.

गंमत अशी, की तुझ्या आगरातल्या मिठातही आयोडीन जवळजवळ नसतेच, हे तिला पटत नाही. समुद्रात आयोडीन असते, मग समुद्राच्या मिठात का नाही, असा तिचा बिनतोड प्रश्न आहे. पाणी आटून मीठ जमते तेव्हा आयोडीन त्याच्याबरोबर फारसे येत नाही, हे तू मला आपल्या खोलीवर बसून सांगितले होतेस आणि ते सांगताना माझ्या चहात मीठ घातले होतेस. त्या चहाचे पैसे अजून बाकी आहेत.

सैंधवाविषयी मला आकस नाही. आयुर्वेदाने लवणांत सैंधवाला श्रेष्ठ मानले आहे, हे मुक्ता मला दर वेळी ऐकवते, आणि ते खरे आहे. पण आयुर्वेदाच्याच चरकसंहितेत पिंपळी, क्षार आणि लवण या तीन वस्तू अति सेवन करू नयेत असेही बजावले आहे, ते तिच्या योगवर्गात कोणी वाचून दाखवलेले दिसत नाही. सैंधवात अमुक इतकी खनिजे असतात म्हणून ते गुणकारी, अशी तिची श्रद्धा आहे. अरे, तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे, आणि उरलेली खनिजे इतकी किंचित, की ती अंगी लागावीत एवढे मीठ खाल्ले तर माणूस आधी रक्तदाबाने आडवा होईल. आमचे जावई तर "हे हेल्दी आहे" म्हणून कोशिंबिरीवर वरून आणखी भुरभुरतात. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, ही मर्यादा गुलाबी मिठालाही तेवढीच लागू आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते अत्यंत नम्रपणे हसले. जावयाचे नम्र हसणे किती त्रासदायक असते ते तुला कळेल. तुला दोन आहेत.

मग हिने एक शक्कल काढली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुलभाताई आरोग्यकेंद्रात आहेत. आशाताई गावोगाव मीठ तपासायला नेतात ती द्रावणाची छोटी बाटली त्यांनी आणली. मुक्ता गेल्या रविवारी आली होती. जेवणाच्या टेबलावर एका बशीत आमचे पाकिटातले मीठ ठेवले, दुसऱ्या बशीत तिने डब्यातून आणलेले सैंधव. सुलभाताईंनी दोन्हींवर एकेक थेंब टाकला. आमच्या मिठावर थेंब पडल्याबरोबर निळसर जांभळा डाग उमटला आणि बघता बघता गडद झाला. सैंधव ओले झाले, बाकी गुलाबी ते गुलाबीच राहिले. पेटीवरच्या रंगपट्टीशी ताडून सुलभाताई म्हणाल्या, "शून्य." मुक्ता बराच वेळ त्या बशीकडे बघत होती. मला वाटले, जिंकलो. तर ती म्हणाली, "बघा, तुमच्या मिठात केमिकल आहे हे सिद्ध झालं." यापुढे मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, की आयोडीनच हवे असेल तर ती समुद्री शेवाळाची भुकटी मागवते, ते 'नैसर्गिक' असते. सुदैवाने डॉक्टरीणबाईंनी ते साफ मोडीत काढले, कारण त्यात आयोडीन किती असेल याचा नेम नसतो, आणि कमी जितके वाईट तितकेच जास्तही वाईट. आणखी एक भानगड त्याच दिवशी उघडकीला आली. थायरॉइडची गोळी ती सकाळच्या चहाबरोबर घेत होती आणि वर लोहाची नि कॅल्शियमची गोळी एकत्रच गिळत होती. ती गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान अर्ध्या तासाने, आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर ती अंगात नीट शोषलीच जात नाही. सोयाबीनच्या दुधाचेही तेच. एवढे मात्र तिने ऐकले, कारण ते मी सांगितले नव्हते.

आता जे लिहितो ते नीट वाच, आणि रागावायचे असेल तर पुरते वाचून झाल्यावर रागाव. आयोडीनच्या सक्तीने तुमच्यासारख्या छोट्या आगरवाल्यांचे कंबरडे मोडले, हे मी नाकारत नाही. २००० साली केंद्राने बिनआयोडीनच्या मिठावरची बंदी उठवली तेव्हा तू मला पेढ्यांचा पुडा पाठवला होतास, आणि २००६ साली ती परत लागू झाली तेव्हा फोनवर मला सरकारचा हस्तक म्हणाला होतास. त्यावर आपण वर्षभर बोललो नाही. ज्या शिरोड्यात १९३० साली माणसांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, तिथल्याच माणसाला स्वतःचे मीठ खाण्यासाठी विकता येऊ नये, हा तुझा मुद्दा भावनेचा नव्हता, पोटाचा होता. मिठावर आयोडीन फवारायचे यंत्र, त्यासाठी लागणारे पोटॅशियम आयोडेट, तपासणी, पाकिटबंदी, हा सगळा खर्च गुजरातच्या हजारो एकरांच्या आगरांना परवडतो, तुमच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यांना परवडत नाही. छोट्यांना यंत्रे द्यायला हवी होती, ती पुरेशी दिली गेली नाहीत, असे मी तेव्हाही म्हणत होतो. तुला ते ऐकू गेले नाही, कारण तू फोन आपटला होतास.

पण सदा, त्यामुळे आयोडीन खोटे ठरत नाही. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीन घातलेले मीठ दिले आणि काहींना साधे दिले. काही वर्षांतच आयोडीनवाल्या भागातले गलगंड झपाट्याने कमी झाले, आणि त्याच जोरावर १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. तेव्हा मिठाची निवड झाली ती कंपन्यांनी डाव टाकला म्हणून नव्हे. गरीब-श्रीमंत सगळेच ते खातात, रोज खातात आणि साधारण सारखेच खातात, म्हणून झाली. तू स्वतः घरात काय वापरतोस, ते मला ठाऊक आहे. वहिनींनी हिला सांगितले आहे. लोणच्याला आणि सुक्या मासळीला आगराचे जाडे मीठ आणि रोजच्या आमटीला पाकिटातले. म्हणजे भाषण एक आणि आमटी दुसरी.

म्हणून तुला ही विनंती आहे. मुक्ताला एक फोन कर. तिला माझे व्याख्यान परत ऐकवू नकोस, ते तिला पाठ झाले आहे. फक्त तुझ्या आमटीत कोणते मीठ पडते ते सांग, आणि वहिनींनी सुरेश नि धाकट्याच्या वेळी काय केले, तेही त्यांनाच सांगायला लाव. पाकीट बंद डब्यात ठेवावे, ओल लागू देऊ नये आणि मीठ शक्यतो भाजी शिजल्यावर घालावे, म्हणजे आयोडीन कमी उडते, हेही तूच सांग. आगरवाल्याने सांगितलेली गोष्ट ती लिहून ठेवील. मी पत्र लिहिले हे कृपा करून बोलू नकोस. सकाळी साडेसहाला ती गोळी घेते आणि सातच्या पुढे चहा, तेव्हा सव्वासातला केलास तर हाताशी सापडेल. रविवारी करू नकोस, त्या दिवशी जावई घरी असतात आणि मध्येच नम्रपणे हसतात.

तुमच्याकडचे काय? सुरेशच्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीनंतर होते ना, झाले असेल तर कळव. आगराची जागा विकायची म्हणतोस ते कुठवर आले? मला विचारशील तर एवढ्यात विकू नकोस, पण तू मला कधी विचारले आहेस?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक

ता. क. येताना कोकमाचे आगळ आणणार असशील तर आणू नकोस. त्यात मीठ किती असते ते तुला सांगायला नको, आणि माझ्यावर सध्या पापड-लोणच्याचीसुद्धा बंदी आहे. साखरेतले कोकम सरबतही नको, हिची साखर वाढली आहे. काजू चालतील, बिनखारवलेले.