लोखंडे म्हणजे फक्त रविवारची सुट्टी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १० जून आला की व्हॉट्सॲपवर नारायण मेघाजी लोखंडेंचा फोटो फिरायला लागतो, यांच्यामुळे आपल्याला रविवारची सुट्टी मिळाली म्हणून, आणि पेपरातही बरेचदा तेवढीच चौकट येते. तारीख बरोबर आहे, १८९० साली त्याच दिवशी गिरणीमालकांनी सुट्टी मान्य केली. पण एवढ्या एका ओळीत त्यांना गुंडाळायचं हे मला अजिबात पटत नाही, म्हणून हे पत्र.

१८४८ चा जन्म, ठाण्याचे. शिक्षण जेमतेम, आधी रेल्वेत मग पोस्टात नोकरी, नंतर मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे कामगारांचे हाल त्यांनी लांबून ऐकले नाहीत, गिरणीत बसून रोज बघितले. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, रविवारी पुन्हा मशीन साफ करायला बोलावणार, पगार पुढचा महिना बराच सरला तरी हातात नाही आणि तोवर वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज चालूच. १८८० पासून ते 'दीनबंधु' हा पेपर मुंबईतून चालवायला लागले आणि हे सगळं छापायला लागले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचा माणूस तो, गप्प कसा बसेल.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून जास्त कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे दिला. त्यातल्या मागण्या बघा. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय. ही शेवटची मागणी १८८४ सालची आहे हो! आज आमच्या इथे जुन्या गिरण्यांच्या जागेवर जे टॉवर आणि मॉल उभे आहेत तिथल्या किती सिक्युरिटीवाल्यांना, हाऊसकीपिंगच्या बायकांना आणि पार्सल घेऊन धावणाऱ्या पोरांना हे पाचही मिळतं, ते कोणीतरी जाऊन विचारा.

त्यांच्या बॉम्बे मिल हॅंड्स असोसिएशनला, म्हणजे गिरणी कामगारांच्या संघटनेला, ना वर्गणी होती ना सभासदांची यादी, म्हणून काही अभ्यासक तिला युनियन मानत नाहीत. मला हा मुद्दा फार मोठा वाटत नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १०,००० कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायका उभं राहून बोलल्या, त्या काळात! पुढे १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली, बायकांचं काम ११ तासांवर आणि ९ ते १४ वर्षांच्या मुलांचं ७ तासांवर आलं. विधवांचं केशवपन करणार नाही असं मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवलं, त्यामागेही लोखंडे होते.

आता राजकारणाचं. लंडनमध्ये जॉन बर्न्स नावाचा इंजिनिअरिंगचा कामगार १८८९ साली तिथल्या काउंटी कौन्सिलवर, म्हणजे आपल्या पालिकेसारख्या सभागृहावर, निवडून आला, त्याच वर्षी गोदी कामगारांचा मोठा संप त्याने लढवला आणि पुढे थेट मंत्री झाला. आपल्याकडे १८८८ च्या कायद्याने मुंबई पालिकेत ७२ नगरसेवक, त्यातले वॉर्डातून निवडून येणारे निम्मेच, ३६, आणि मत कर भरणाऱ्यांना. चाळीतल्या एका खोलीत दहा-बारा जण राहणाऱ्या कामगाराला कुठलं मत? लोखंडेंना शेवटी रावबहादूर किताब मिळाला, जस्टिस ऑफ द पीस हे मानाचं पद दिलं, पण ज्यांच्यासाठी ते झगडले त्यांच्या मतावर सभागृहात जायचा रस्ताच नव्हता. मोर्चा, अर्ज, पेपर एवढीच हत्यारं, आणि त्यावर त्यांनी एवढं करून घेतलं.

१८९६ च्या शेवटी प्लेग आला तेव्हा जमेल तो मुंबई सोडून पळत होता, हे मात्र इथेच थांबून आजाऱ्यांची सोय करत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनेच गेले. वय पन्नाशीसुद्धा नाही.

तर विनंती एवढीच, येत्या १० जूनला चौकट नको. सुपारीबागेच्या त्या पाच मागण्या पहिल्या पानावर जशाच्या तशा छापा.

आपला,
एक वाचक, लालबाग