सगळ्यांचंच बीपी १२०/८० कसं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अॅडमिशनच्या वेळी फीच्या पावतीत 'मेडिकल' म्हणून एक रक्कम असते, ती आपण भरतो आणि विसरून जातो. आमच्या कॉलेजात (नाव नको, उगाच हॉल तिकीट अडकायचं) एफवायची तपासणी झाली तेव्हा एक टेबल, एक बीपीचं मशीन आणि दाराबाहेर गेलेली रांग. माझ्या पुढच्या मैत्रिणीचा दंड जाड, पट्टा गुंडाळला की चर्रकन सुटायचा, दोनदा सुटल्यावर तिथला माणूस म्हणाला जाऊ दे गं, आणि फॉर्मवर नॉर्मल म्हणून १२०/८० लिहून मोकळा. माझं पण १२०/८०, आणि माझ्या मागचीला तर मशीन लावलंच नाही तरी तेवढंच!

दिवाळीत ती जाड दंडाची मैत्रीण गावी सर्दीतापासाठी फॅमिली डॉक्टरांकडे गेली, त्यांनी सहज मोठा पट्टा लावून बघितलं तर १४८/९४. ताप गेल्यावर परत बोलावून बघितलं तरी तसंच. वय १९, त्रास काहीच नाही. घरच्यांना वाटलं मशीन बिघडलंय, कारण आपल्याकडे बीपी म्हणजे आजोबांचं दुखणं.

डॉक्टरांनी तिला वजनाचं गणित सांगितलं. पोटातली चरबी नुसती पडून नसते, ती किडनीवर दाब आणते, हार्मोन्स बिघडवते, मग किडनी मीठ-पाणी धरून ठेवते आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. पण वजन साधारण एक किलो उतरलं की वरचा आकडा एखाद्या पॉइंटने खाली येतो, म्हणजे या वयात हे बरंचसं हातात असतं, आधी कळलं तर.

आणि बारीक पोरांनी हसायचं कारण नाही. आपल्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा) २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्यात बारीक दिसूनही चरबी जास्त असते, म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २५ झाला की लठ्ठपणा धरतात आणि कंबरही मोजायला सांगतात, मुलांची ९० सेंमी आणि मुलींची ८० च्या आत हवी. आमच्या तपासणीत टेपच नव्हता.

खाण्याबद्दल काय बोलणार, मेसमध्ये पापड-लोणचं, रात्री टपरीवर मॅगी, आणि दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणतात ते इथेच संपतं. यूजीसीने (विद्यापीठांवर देखरेख ठेवणारा आयोग) २०१६ ला आणि परत २०१८ ला विद्यापीठांना जंक फूड बंद करा म्हणून कळवलं होतं, आमच्या कँटीनला ते पत्र अजून मिळालेलं दिसत नाही.

मागणी साधी आहे. तपासणीत मोठा पट्टा ठेवा, कारण जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर आकडा उगाच जास्त येतो. जिना चढून आलेल्या मुलांना पाच मिनिटं टेकून बसू द्या, जास्त आलं तर दुसऱ्या दिवशी परत बघा, घाबरवू नका. आणि फॉर्मची एक कॉपी आमच्या हातात द्या. गॅदरिंगच्या डीजेच्या भाड्यात असे पट्टे पेटीभर येतील.

- टीवायची एक विद्यार्थिनी, पुणे