दूध कुठे गेलं?

हरारे, २८ सप्टेंबर २०२५

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "तुमच्याकडचा नेपोलियन सध्या कोण गं?" आणि मी पटकन विषय बदलून आईच्या गुडघ्याकडे वळले. बाबा, तुम्हाला ते लागलं असणार. फोन ठेवल्यावर माझं मलाही बरं वाटलं नाही. इथे झिम्बाब्वेत राहून काही गोष्टी फोनवर बोलायला मन धजत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर घाईघाईत देण्यासारखंही नव्हतं. आमच्या ऑफिसातला एकजण दसऱ्याला पुण्याला निघालाय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि आईसाठी चिपिंगेकडचा चहा पाठवतेय. तो पाकीट कुरिअरने कराडला पाठवेल.

प्रीतिसंगमावरच्या तुमच्या कट्ट्यावर अजून तोच खेळ चालतो ना, ऑर्वेलच्या 'अ‍ॅनिमल फार्म'मधली जनावरं आपल्या पुढाऱ्यांना लावायचा? मालकाला हाकलून जनावरं शेत ताब्यात घेतात आणि मग डुकरंच मालक होतात, ती गोष्ट. अमका म्हणजे सत्ता बळकावणारा डुक्कर नेपोलियन, तमका म्हणजे त्याची तळी उचलणारा स्क्वीलर, आणि आपले मतदार म्हणजे ती मेंढरं. जोशीकाका एका पक्षाची नावं घालतात, पाटीलकाका दुसऱ्याची. मग आवाज चढतात आणि कुणीतरी शेंगदाण्याची पुडी पुढे करतं. मी आठवीत असताना तुम्ही मला ते पुस्तक हातात दिलंत आणि आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने कोष्टक करून दिलंत: नेपोलियन म्हणजे स्टालिन, त्याने हाकलून दिलेला स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, म्हातारा मेजर म्हणजे मार्क्स आणि लेनिन यांच्यामधला कुणीतरी. परीक्षेला पाठ करावं तसं मी ते पाठ केलं. पुस्तक रशियाचं, रशिया लांब, आणि १९४५ त्याहून लांब.

इथे आल्यावर कळलं की या देशात ते पुस्तक कुणी रशियाचं म्हणून वाचत नाही.

१९९९ मध्ये जेफ न्यारोटा या संपादकाने 'डेली न्यूज' हे खाजगी दैनिक काढलं. २००१ च्या जानेवारीत त्याचा छापखाना बॉम्बने उडवला. त्याच वर्षी त्या दैनिकाने 'अ‍ॅनिमल फार्म' क्रमशः छापलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांचं नाव घालावं लागलंच नाही. जमीन, युद्धातले सोबती, बाहेरच्या शत्रूंची रोजची भीती, सगळं वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोरच होतं. २००३ च्या सप्टेंबरात ते दैनिक बंद पाडलं गेलं.

बाबा, तुमच्यासारखंच कोष्टक मीही इथे पहिल्या वर्षी मनात मांडलं. नेपोलियन म्हणजे मुगाबे. स्नोबॉलच्या जागी जोशुआ न्कोमो, कारण स्वातंत्र्यलढ्यातला हा दुसरा मोठा नेता १९८३ मध्ये जीव वाचवायला देशाबाहेर पळाला होता. नेपोलियनने पाळलेल्या नऊ कुत्र्यांच्या जागी उत्तर कोरियाच्या प्रशिक्षकांनी तयार केलेली पाचवी ब्रिगेड, जिने माटाबेलेलँडमध्ये गावंच्या गावं चिरडली. त्या मोहिमेला गुकुराहुंडी म्हणतात. शोना या इथल्या भाषेत त्याचा अर्थ भुसा धुऊन नेणारा पहिला पाऊस. त्यात मेलेल्यांचा आकडा वीस हजारांच्या आसपास सांगितला जातो. माणसांना भुसा म्हणणारा तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

कोष्टक इतकं नीट बसलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. ते मोडलं आमच्या गोदामातल्या सेकुरूंनी. सेकुरू म्हणजे आजोबा. इथे वयाने मोठ्या माणसाला आदराने तसंच हाक मारतात. ते एकसष्ट वर्षांचे आहेत. पूर्वी शाळेत शिक्षक होते, आता औषधांच्या खोक्यांची मोजदाद करतात. २००८ मध्ये पैशाचा पाचोळा झाला, तेव्हा वीस वर्षं हप्ते भरलेली त्यांची विम्याची पॉलिसी एका पावाच्याही किमतीची उरली नाही. शंभर ट्रिलियन डॉलरची एक नोट ते पाकिटात घडी न घालता ठेवतात.

२०२३ मध्ये त्या पुस्तकाचा शोना अनुवाद आला, 'चिमुरेंगा चेम्हुका'. चिमुरेंगा हा इथला स्वातंत्र्यलढ्याचा शब्द, आपल्याकडे 'सत्याग्रह' म्हटलं की जसं अंगावर काही येतं तसा. पेटीना गप्पा आणि तिनाशे मुचुरी यांनी इतर लेखकांना सोबत घेऊन तो केला. निवेदन प्रमाण शोनात आहे, पण जनावरं आपापल्या बोलीत बोलतात. एक मालवणीत, दुसरं अहिराणीत, तिसरं आपल्या कऱ्हाडी वळणाने बोलावं, तसं. सेकुरूंनी ते पुस्तक मिळवलं, त्याला खाकी कव्हर घातलं आणि जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचायला लागले. सातआठजण उलट्या खोक्यांवर बसून सादझा खाताना ऐकायचे. सादझा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, बोटांनी मोडून भाजीला लावून खातात. मला शब्द निम्मेच कळायचे, पण कुठल्या बोलीला कोण हसतंय त्यावरून कोण कुठल्या भागातला ते कळायला लागलं.

म्हाताऱ्या बॉक्सर घोड्याला न्यायला गाडी येते तो भाग आला त्या दिवशी कुणी हसत नव्हतं. सगळी जनावरं त्याला निरोप द्यायला जमलेली असतात, आणि गाडीवर खाटकाचं नाव रंगवलंय हे बेंजामिन गाढव ओरडून सांगतं. सेकुरूंनी तिथे बोट ठेवून पुस्तक मिटलं. बराच वेळ ते त्या कव्हरवरून अंगठा फिरवत राहिले. मग मला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, "त्याला पहिल्यापासून वाचता येत होतं."

बाबा, मला तेव्हा घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. आपण सगळे नेपोलियन कोण ते शोधत होतो. गाढवाला डुकरांइतकंच वाचता येतं हे पुस्तकात आधीच लिहिलेलं आहे. जनावरांनी कोठाराच्या भिंतीवर लिहिलेले नियम डुकरं बदलत होती तेव्हाही त्याला वाचता येत होतं, पण वाचण्यासारखं काही नाही असं तो म्हणायचा. मीही वाचते. रोज वाचते, सगळं समजतं, आणि रविवारी वडिलांनी साधा प्रश्न विचारला की गुडघ्यावर बोलते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र देते. २०१७ च्या नोव्हेंबरात लष्कराने मुगाबेंना बाजूला केलं तेव्हा याच हरारेच्या रस्त्यावर लोक रणगाड्यांवर चढून सैनिकांना मिठ्या मारत होते. सेकुरूही गेले होते. नंतर राष्ट्राध्यक्ष झाले मनांगाग्वा, जे गुकुराहुंडीच्या काळात राष्ट्रीय सुरक्षेचे मंत्री होते. २०१३ ची राज्यघटना सांगते की राष्ट्राध्यक्षाला पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती. त्यांची दुसरी २०२८ ला संपते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात बुलावायोच्या अधिवेशनात त्यांच्या पक्षाने ठराव केला की ती २०३० पर्यंत न्यावी. आपण राज्यघटना मानणारे आहोत असं ते स्वतः म्हणत आलेत. मला त्या ठरावात माणसापेक्षा कोठाराची भिंत दिसते. पलंगावर झोपायचं नाही, या नियमापुढे एका रात्रीत "चादरी घालून" एवढंच जोडलेलं असतं. नियम कुणी पुसत नाही, दोन शब्द वाढवतात.

पण मुगाबे म्हणजे सरळ नेपोलियन, असं मी आता म्हणणार नाही. पहिल्या दहा वर्षांत या माणसाच्या सरकारने खेड्याखेड्यात शाळा काढल्या. सेकुरू शिकले आणि शिक्षक झाले ते त्यामुळेच, आणि ते हे कधीच नाकारत नाहीत. ऑर्वेलचीच एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती. जनावरांनी बांधलेली पवनचक्की शत्रू उडवतो तेव्हा नेपोलियनसकट सगळे जमिनीवर पालथे पडतात असं त्याने आधी लिहिलं होतं. पुस्तक छापायला निघालं असताना त्याने प्रकाशकाला कळवलं की तिथे "नेपोलियन सोडून सगळे" असं करा, कारण जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा स्टालिन मॉस्को सोडून गेला नव्हता. ज्याच्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं, त्याला एका वाक्यापुरताही अन्याय होऊ नये म्हणून ही धडपड. पाटीलकाका आणि जोशीकाका दोघांनाही हे आवर्जून सांगा. आपण ज्याला डुक्कर म्हणतो त्याच्या बाजूचं एखादं खरं वाक्य आपल्याला लिहिता येतं का, हे मी आजकाल स्वतःला विचारते. इकडच्या आणि आपल्याकडच्या, दोन्हींकडच्या नेत्यांबद्दल.

आणि ऑर्वेलने दुसरी एक गोष्ट एका पत्रात लिहून ठेवली आहे. गोष्ट फिरते ती जागा म्हणजे डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःसाठी ठेवून घेतात ती. कुत्रे सोडले ती नव्हे, खून झाले ती नव्हे. मालकाला हाकलल्यावर गाई पिळल्या, पाच बादल्या फेसाळ दूध निघालं. दुधाचं नंतर बघू, आधी गवत कापायला चला, असं नेपोलियन म्हणाला. संध्याकाळी परत आले तर दूध नाही. सगळ्यांच्या लक्षात आलं, पण हिशेब कुणी मागितला नाही.

इथलं दूध म्हणजे गाड्या. १९८८ मध्ये हेच न्यारोटा बुलावायोच्या 'क्रॉनिकल'चे संपादक होते. देशात गाड्यांचा तुटवडा, सामान्य माणूस वर्षानुवर्षं यादीत. मंत्री आणि मोठे अधिकारी हरारेतल्या विलोव्हेलच्या कारखान्यातून सरकारी किमतीत गाड्या उचलून बाहेर कितीतरी पट भावाने विकत होते. 'क्रॉनिकल'ने गाड्यांचे तपशील छापले. न्यायमूर्ती सँडुरांचा आयोग बसला, मंत्र्यांचे राजीनामे झाले, एका मंत्र्याने जीव दिला. खोटी साक्ष दिली म्हणून एकाला शिक्षा झाली, त्याला राष्ट्राध्यक्षांनी माफी देऊन सोडवलं. आणि न्यारोटांना नवं पद देऊन संपादकाच्या खुर्चीवरून उठवलं. स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. सेकुरू म्हणतात, आम्ही चिडलो होतो, पण वाटलं, गाड्यांचंच तर आहे. लढून आलेत, घेतली एखादी गाडी तर काय झालं.

बाबा, आता तुमच्याबद्दल. येत्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनाला पन्नास वर्षं होतील. तुम्ही तेव्हा बावीसचे, मांडवात पाणी द्यायच्या कामावर. आणीबाणी चालू, यशवंतराव केंद्रात मंत्री आणि तेच स्वागताध्यक्ष, आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला सांगितली. तुम्ही हातातली कळशी खाली ठेवून उभे राहिलात. लहानपणी हे मी इतक्यांदा ऐकलं की कंटाळायची. कळशी ओली होती आणि पायावर पाणी सांडलं, हेही तुम्ही दरवेळी सांगता. त्या ओल्या पायाची मला इथे सेकुरूंच्या शेजारी बसल्यावर आठवण झाली. त्या मांडवात जयप्रकाश कोण आहेत आणि कुठे आहेत ते प्रत्येकाला माहीत होतं. कुणीतरी ते मोठ्याने म्हणायचीच वाट होती. पुढे दुर्गाबाईंना अटकही झाली.

गंमत नाही, पण योगायोग बघा. ऑर्वेलचा जन्म आपल्याच बिहारात मोतीहारीचा, तारीख २५ जून १९०३. आणीबाणीवर सही झाली ती रात्र २५ जूनचीच.

आई, तुला वाटेल पत्र सगळं बाबांनाच लिहिलं. तसं नाही. मला खरं मागायचंय ते तुझ्याकडे.

पुस्तकात क्लोव्हर नावाची घोडी आहे. तिला सारखं वाटत राहतं की भिंतीवर पूर्वी काहीतरी वेगळं होतं, पण नीट वाचता येत नाही आणि लिहून ठेवलेलंही नाही. मग ती गप्प बसते, आपलीच आठवण चुकली असेल म्हणते. ते वाचताना मला तुझ्या हिशेबाच्या वह्या आठवल्या. १९७९ पासूनच्या, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहेत ना अजून? एका पानावर हळदीचं बोट उमटलंय आणि खाली तू लिहिलंयस, "रॉकेल आलं नाही. उद्या परत बघणे." पुढच्या ओळीत दळणाचे पैसे. कुठल्या वर्षी काय मिळत होतं, काय मिळत नव्हतं आणि किती भावाने, हे उद्या कुणी कितीही रंगवून सांगितलं तरी तुझ्या वहीत ते तुझ्या अक्षरात आहे.

सेकुरूंना मी त्या वह्यांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या बायकोनेही २००८ मध्ये रोजचा पावाचा भाव कॅलेंडरवर लिहिला होता, आणि वर्ष संपल्यावर ते कॅलेंडर चुलीत गेलं. ते सांगताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

दिवाळीच्या साफसफाईत बाबा ट्रंक खाली काढतील. रद्दीवाल्याला वर्तमानपत्रं खुशाल द्या, वह्यांना हात लावू नका. आधी एक दिवस उन्हात ठेवा, पावसाळ्यात ओल धरली असेल. वाळवी लागली असेल तर तसं कळवा. मी जानेवारीत येतेय, एकेक पान फोटो काढून ठेवीन. आणि कधी दूध मिळालं नाही असं लिहिलेलं एखादं पान सापडलं, तर त्याच्यात खूण म्हणून काहीतरी घालून ठेव.

बाबा, रविवारी फोन करीन. तेव्हा हा प्रश्न परत विचारा.

गुडघ्याला तेल लावतेस ना, आई?

तुमची,
माई