आण्णांची चेतक आणि तालुक्याचा आरटीओ कॅम्प

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या घरची चेतक स्कूटर स्क्रॅपला दिली. १९९१ चं पासिंग, बुकिंग त्याच्या कितीतरी आधीचं, कारण त्या काळात आकुर्डीच्या कारखान्यातून गाडी यायला लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. आण्णा म्हणजे माझे वडील प्राथमिक शिक्षक, त्यांनी सोसायटीचं कर्ज काढून घेतली आणि शेवटपर्यंत तीच चालवली.

मी पुढं हँडल धरून उभा, मधे ताई, मागं आई एका बाजूला पाय सोडून मांडीवर पिशवी घेऊन, असे आम्ही चौघं चैत्रात जोतिबाला जायचो. डोंगराच्या चढाला इंजिन तापायचं, मग आण्णा गाडी कडेला घ्यायचे, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचे, फुंकर मारून परत बसवायचे, गाडी एका बाजूला कलती करून थोडं थांबायचे आणि मग किक. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या किकेला घ्यायचीच. परवा देताना पुढची डिकी रिकामी केली तर त्यात प्लगपाना, पॉलिश पेपरचा घडी केलेला तुकडा आणि बिजागरीच्या फटीत बसलेला गुलाल निघाला. आईनं तो गुलाल नखानं खरवडून कागदाच्या पुडीत घेतला, देव्हाऱ्यात ठेवलाय. दसऱ्यासारखा झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, मग गाडी टेम्पोत चढवली. सोप्यात ती उभी असायची तिथं स्टँडनं शहाबादी फरशीला दोन खळगे पडलेत, ती फरशी आम्ही बदलणार नाही.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. आण्णा जाऊन चार वर्षं झाली, गाडी तशीच उभी होती आणि आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, त्यांच्याच नावावर. भंगारवाला दोनदा येऊन गेला, किलोवर घेतो म्हणाला, कागद लागत नाही म्हणाला. आमच्या भागात बहुतेक जण असंच देतात. पण गाडी भंगारात गेली तरी नोंदणी आपोआप रद्द होत नाही, ती मालकाच्या नावानं तशीच राहते, आणि उद्या ती नंबरप्लेट कुणी दुसऱ्या गाडीला लावून काही केलं तर पोलीस आपल्याच दारात येणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मधे तर लिहिलंय की गाडी कायमची निकामी झाली की मालकानं १४ दिवसांत कळवायचं. आमच्या गल्लीत विचारलं तर हे एकालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

मी ठरवलं की रीतसर करायचं. मालक हयात नाही म्हणून आधी वारसाच्या नावावर करा, त्याला मृत्यूचा दाखला, ताईची आणि आईची संमती, प्रतिज्ञापत्र. त्यात नोंदणीची मुदतही संपलेली, कारण १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि दुचाकीची ती फी २०२२ मधेच ३०० वरून १००० रुपये झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा, उशिराचा दंड वेगळा. एजंटनं सांगितलेला आकडा गाडीच्या भंगाराच्या किमतीपेक्षा जास्त होता. मी स्वतः केलं, जिल्ह्याच्या गावी तीन हेलपाटे झाले, तीन दिवस कामाचे गेले. नियम नसावेत असं माझं म्हणणं अजिबात नाही, ते पाहिजेतच. पण ज्या घरात फक्त म्हातारी माणसं राहिलीत त्यांनी हे कसं करायचं? आमच्याच वाडीत गोठ्यात, परड्यात उभ्या असलेल्या लुना, एम-एटी, चेतक मी मोजल्या, अकरा भरल्या, आणि त्यातल्या निम्म्यांचे मालक आता हयात नाहीत.

लायसनसाठी आरटीओचा कॅम्प तालुक्याला येतोच. त्याच कॅम्पात वर्षातनं निदान दोनदा जुन्या दुचाकींच्या वारसनोंदी आणि नोंदणी रद्द करायचे अर्ज घ्यावेत, कागद तिथंच तपासावेत आणि भंगारात जाणाऱ्या गाडीचा थकलेला दंड माफ करावा, एवढीच परिवहन खात्याला विनंती आहे. सरकारमान्य स्क्रॅप सेंटरची गाडी त्या दिवशी तालुक्याला आली तर आणखी बरं, तिथल्या तिथं गाडी जमा केल्याचं सर्टिफिकेट मिळेल आणि म्हाताऱ्या माणसाला टेम्पो शोधत फिरायला लागणार नाही.

आणि वाचकांना सांगणं, घरात कुणी गेलं असेल तर गाडी वापरात असो नसो, आरसी आधी नावावर करून घ्या.

कॅम्पच्या तारखा आपल्या पेपरात छापून येतातच, त्यात ही एक ओळ वाढावी म्हणून आपणही पाठपुरावा करावा.

आपला,
एक वाचक