उपवासाचे पैसे गेले कुठे?

महोदय,

राखेच्या बुधवारी आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो. या दिवसांत काहीतरी चांगलं करावं असं प्रत्येकालाच मनापासून वाटतं. पण काय, किती आणि कुणासाठी हे ठरवलेलं नसतं. त्यामुळे ईस्टर उजाडतो तेव्हा दानपेटीत टाकलेल्या एखाद्या नोटेपलीकडे काही घडलेलं नसतं. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळांची यादी आहे. तिथे ‘ममता’ आणि ‘चांगुलपणा’ हे दोन शब्द वेगवेगळे दिले आहेत. आमच्या मते पोटात कळवळा येणं ही ममता, आणि त्या कळवळ्यापोटी कुणाच्या तरी पदरात खरोखर काही पडणं हा चांगुलपणा.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनी याचा चक्क हिशेब मांडला होता. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात सांगितलं आहे की, उपवासाच्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यावं, एरवी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढावी आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. म्हणजे उपवास आणि दान या दोन गोष्टी नव्हत्याच. एकाच ताटाच्या त्या दोन बाजू होत्या.

आपल्याकडे हा हिशेब बिघडतो तो मासळीबाजारात. उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासे चालतात, म्हणून मटण बंद आणि पापलेटाची जोडी घरात! नियम पाळला गेला, पण खर्च उलट वाढला आणि गरिबाला द्यायला काही उरलंच नाही. त्याऐवजी चार माणसांच्या घरात शुक्रवारी साधा डाळभात करून पाहा. अर्धा किलो मटणाचे चारशे धरले आणि डाळभाताचे शंभर वजा केले, तर तीनशे रुपये वाचतात. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारपासून गुड फ्रायडेपर्यंत सात शुक्रवार येतात, म्हणजे 2100 रुपये. हे पैसे त्याच रात्री पाकिटात घालून बाजूला ठेवावेत. महिनाअखेरीस काढू म्हटलं की ते घरखर्चात विरघळतात. चर्चच्या नियमानुसार सक्तीच्या उपवासाचे दिवस राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच, तेही 18 ते 59 वयाच्या माणसांना. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांनी उपाशी राहून पुण्य जोडायच्या फंदात पडू नये.

आता पैसे द्यायचे कसे? धान्याची पिशवी देणं सोपं, म्हणून सगळे तीच देतात. मग मधुमेह असलेल्या आजीकडे सणाला तीन ठिकाणांहून साखर आणि तांदूळ येतात आणि गोळ्यांची पट्टी मात्र संपलेली असते. म्हणून आधी विचारावं. औषधांच्या दुकानात त्या घराची उधारी असेल तर ती परस्पर भरावी. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी 1833 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली, तेव्हापासून तिची माणसं गरजूंच्या घरी जाऊन भेटतात, आणि रीत आहे ती दोघादोघांनी जाण्याची. ही रीत कुणीही उचलावी अशी आहे. सोबत कुणी असलं की देणाऱ्याचा तोरा चढत नाही, आणि घरातल्या बाईलाही संकोच कमी वाटतो. जेवणाची वेळ टाळावी, वीसेक मिनिटं बसावं, आपल्या दुखण्यांची कहाणी लावू नये. फोटो तर मुळीच काढू नये. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूने सांगितलं आहे. आपण ते अख्ख्या व्हॉट्सॲप ग्रुपला कळवतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते मजुरीच्या बाबतीत, आणि त्याला कुणी पापात धरत नाही याचं वाईट वाटतं. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असं बायबलच्या लेवीय 19:13 मध्ये सांगितलं आहे. अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो. तरीही वाडीत दिवसभर राबलेल्या बाईला ‘सुट्टे नाहीत, सोमवारी ये’ असं सांगितलं जातं. तिची चूल त्या संध्याकाळच्या पैशांवर पेटणार असते. काम सुरू होण्याआधी दिवसाची मजुरी ठरवावी, शंभर-पन्नासच्या नोटा सकाळीच काढून ठेवाव्यात आणि सूर्य मावळायच्या आत पैसे हातावर ठेवावेत. घरकाम करणाऱ्या मावशी आजारपणामुळे आल्या नाहीत, तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापू नयेत. दानपेटीत पाचशे टाकून त्यांचे दोनशे कापले, तर ते पाचशे कसले?

धर्मगुरूंना विनंती आहे की, येत्या उपवासकाळाच्या पहिल्याच रविवारी मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) वेळी घरोघरी रिकामी पाकिटं द्यावीत. ईस्टरनंतर किती रुपये जमले आणि त्यातून कसली बिलं भरली, हे कुणाचंही नाव न घेता वेदीवरून सांगावं.

— धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) सेवाकार्यातील काही वाचक, वसई