कालवा बघायला येण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

जूनमध्ये इंग्लंडला आलात की केनेट आणि एव्हन कालव्यावर जायचंच आहे. बाबा, पाटबंधाऱ्यात हयात गेलेल्या माणसाला तो आधी चुकलेलाच वाटेल. पाटाला उतार हवा, इथलं पाणी मात्र सपाट. कारण हा भिजवणीचा नाही; 1810 साली पुरा झालेला मालवाहू होड्यांचा रस्ता आहे. चढ आला की होडी पायरी-पायरीने चढते, आणि पायरी म्हणजे लॉक: दोन्ही टोकांना गेटं असलेला हौद, त्यात पाणी भरलं की होडी वर, सोडलं की खाली.

बाथहून गाडीने एव्हनक्लिफला उतरू. स्टेशन इवलंसं, गाडी थांबवायला गार्डला आधी सांगावं लागतं. शेजारीच जलसेतू: खाली एव्हन नदी, वर कालवा. मधली कमान बांधल्यावर लवकरच खचली, ती आजही वाकलेली दिसते. तिथून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत काठची वाट सपाट आहे, आईच्या गुडघ्यांना चालेल. कालव्याचा अभियंता जॉन रेनी, त्याचाच डंडास जलसेतू याहून देखणा आहे, पण बाबा खचलेल्या कमानीपाशीच जास्त रेंगाळतील.

क्लॅव्हर्टनचा पंप चुकवायचा नाही. 1813 पासूनचा. नदीच्या जोरावर पाणचक्की फिरते आणि त्याच नदीचं पाणी 48 फूट उचलून कालव्यात टाकते. जळण शून्य! ठरावीक दिवशीच उघडतो, म्हणून तारखा बघून तिकिटं काढा.

खरी गंमत डिव्हाइझेसजवळ केन हिलला. सुमारे तीन किलोमीटरांत 29 लॉक, चढ 72 मीटर. त्यातले 16 एका सरळ रेषेत. इतक्या जवळजवळ लॉक असले की दोन लॉकांमधल्या तुकड्यात पाणी साठायला जागाच उरत नाही. वरचं लॉक रिकामं केलं तर खालचा तुकडा भरून वाहील, खालचं भरलं तर वरचा तुकडा कोरडा पडेल. म्हणून प्रत्येक तुकडा बाजूला फुगवून तळं केलंय. एका लॉकला दोन लाख लिटरच्या वर पाणी लागतं, आणि ते डोंगरावरून खालीच जाणार. 1996 पासून एक पंप दिवसाला 3.2 कोटी लिटरपर्यंत परत वर चढवू शकतो.

होडी उतरताना बघा. आधी वरचं गेट बंद, मग खालच्या झडपा विंडलासने, म्हणजे लोखंडी हँडलने, हळूहळू उघडायच्या. वरच्या गेटाखाली दगडी उंबरठा असतो. होडीचा मागचा भाग त्यावर अडकला आणि पाणी उतरत राहिलं, तर नाक खाली जाऊन होडी बुडते. म्हणून काठावर पांढरी खूण आहे, होडी तिच्या पुढेच ठेवायची. अडकलीच तर आधी खालच्या झडपा बंद, मग वरून पाणी. घाईत लोक उलटं करतात.

गाडी वरच लावू. आई बाकावर बसेल, चहाही तिथेच मिळतो. रांगेतली सगळी गेटं एका नजरेत हवी असतील तर बाबांनी खाली जावं. पण परतीचा चढ लक्षात ठेवा.

पावसाळी बूट आणा. काठावर चिखल असतो.

तुमची,
मनू